ती सारखी अंगाशीच असते, माझं दूध पुरत नाही का?

ताई, माझी मुलगी आज 21 दिवसांची आहे. पहिलंच बाळंतपण, सिझर झालं. मी माहेरी, कराडला आहे. जन्माचं वजन 2,900 ग्रॅम होतं. चौथ्या दिवशी दवाखान्यातून सोडताना 2,690, पंधराव्या दिवशी 2,920 आणि काल 3,080 भरलं. पण ती दिवसभर अंगाशीच असते. पाऊण तास पिते, डोळे मिटते, खाली ठेवलं की वीस मिनिटांत परत तोंड शोधायला लागते. संध्याकाळी सहा ते दहा तर विचारूच नका, धरते, सोडते, रडते, पुन्हा धरते. डावीकडचं बोंड चिरलंय. पाजून सोडलं की ते चपटं आणि पांढरं दिसतं. लंगोट दिवसाला सात-आठ ओले होतात, शी पिवळी, चार-पाच वेळा. आत्याने माझं दूध वाटीत पिळून बघितलं आणि म्हणाली, "हे तर पाणी आहे." तिनेच पावडरीचा डबा आणला. चार रात्री झोपताना 60 मिली बाटलीने देतोय, त्यावर ती तीन तास झोपते. सासूबाई पुण्याहून रोज फोनवर विचारतात, "पोट भरतंय ना तिचं?" छातीसुद्धा आता पहिल्यासारखी भरून येत नाही, मऊच असते. म्हणजे माझं दूध कमीच आहे ना?
– एक आई, कराड

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना हातात पेन घेऊन फक्त तू दिलेले आकडे कागदावर उतरवले. तूही तसंच कर, कारण उत्तर तुझ्याच पत्रात आहे. रात्री तीन वाजता रडणारं बाळ मांडीवर असताना ते दिसत नाही, एवढंच.

कालचं वजन जरा बाजूला ठेवू, कारण त्यात बाटलीचा हात आहे. चौथ्या दिवसापासून पंधराव्या दिवसापर्यंत तिच्या पोटात तुझ्या दुधाशिवाय काहीच गेलं नव्हतं. त्या 11 दिवसांत ती 230 ग्रॅम वाढली, म्हणजे रोज साधारण 21 ग्रॅम. या वयाच्या बाळाने दिवसाला 20 ते 30 ग्रॅम धरावेत अशी अपेक्षा असते. जन्मानंतर वजन सात ते दहा टक्क्यांपर्यंत उतरणं नेहमीचं आहे, तुझ्या मुलीचं सात टक्के उतरलं. दोन आठवड्यांत ते भरून निघावं लागतं, तिचं निघालं. आणि हे सिझरनंतर, जेव्हा दूध उतरायला बऱ्याचदा एखाद-दोन दिवस जास्त लागतात. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा जास्त ओले लंगोट हवेत, तुझ्याकडे सात-आठ आहेत. काळी शी जाऊन पिवळी व्हायला हवी, तीही झाली. आत गेल्याशिवाय बाहेर येत नाही गं.

तेव्हा पहिलं उत्तर: तुझं दूध पुरतंय.

पण मला तुझ्या पत्रातली ती चपट्या, पांढऱ्या बोंडाची ओळ सोडवत नाही. रोज 21 ग्रॅम ही वाढ योग्य आहे, पण खालच्या काठाजवळची आहे. दूध आहे, पण ते मिळवायला तिला फार कष्ट पडताहेत असं मला वाटतं. बाळ सारखं पितं याची कारणं दोन असतात. एक, नवजात बाळ तसंच पितं. दोन, तोंडात नीट धरलं नसेल तर थोडं-थोडं दूध मिळतं आणि दर वेळी अर्धवट पोटाने डोळा लागतो. तुझ्याकडे दोन्ही थोडं-थोडं असावं.

पहिल्या कारणाबद्दल आधी. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पिणं हे अगदी नेहमीचं आहे, काही बाळं चौदा वेळाही पितात. एका पाजण्याच्या सुरुवातीपासून पुढच्या सुरुवातीपर्यंत मोजायचं असतं. ती पाऊण तास पीत असेल तर मधे उरतो तास-सव्वा तास, म्हणून तुला वाटतं की मी उठलेच नाही. आईचं दूध लवकर पचतं, पोट चिमुकलं असतं, ते भरतंही पटकन आणि रिकामंही पटकन होतं. संध्याकाळी बाळं घास-घास पितात, मधे कुरकुरतात, परत पितात. साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा सहाव्या आठवड्याच्या सुमारास दोन-तीन दिवस हे फारच वाढतं. तुझी मुलगी नेमकी 21 दिवसांची आहे. ती त्या वेळी पुढच्या दिवसांचं दूध मागवून ठेवते, कारण छाती जितकी रिकामी होईल तितकं नवं दूध तयार होतं. भरलेली राहिली की शरीर समजतं, एवढं नको आहे. सारं दुकान या एका नियमावर चालतं.

आणि संध्याकाळचं सगळं रडणं भुकेचं नसतं. नऊ महिने ती एका उबदार, सतत हलणाऱ्या, आवाज असलेल्या जागी होती. तिला कुशी हवी असते. सहा ते दहा या वेळात तुझ्या वडिलांनी किंवा भावाने तिला खांद्यावर टाकून अंगणात फेऱ्या मारल्या तर तेवढ्यात तुझं जेवण गरम-गरम होईल. ती परत तोंड वळवू लागली की घे. लाड होतील, सवय लागेल, असं तुला कोणी सांगेल. 21 दिवसांच्या बाळाला उचलून घेतल्याने वाईट सवयी लागत नाहीत.

आता दुसरं कारण, आणि इथे मी थोडा वेळ थांबणार आहे.

मी प्रसूतीच्या वॉर्डात 26 वर्षं नर्स होते. एका रात्रीची आई आठवते. सहाव्या दिवसाचं बाळ, आई घामाघूम, तिची आई शेजारी बसून बाळाचं डोकं छातीवर दाबत होती आणि बाळ पाठीचा धनुष्य करून मागे जात होतं. दोघींना वाटत होतं बाळाला दूध आवडत नाही. मी एवढंच केलं. आजीचा हात डोक्यावरून काढून बाळाच्या खांद्यांमागे ठेवला, आईच्या कमरेमागे लोड सरकवला आणि बाळाला दोन बोटं खाली घेतलं. चौथ्या प्रयत्नाला धरलं. दहा मिनिटांनी बाळाच्या घट्ट वळलेल्या मुठी सैल पडल्या, मग बोटं एकेक करून उघडली. भुकेलं बाळ मुठी आवळून पितं, पोट भरत आलं की हात मोकळे होतात. घड्याळापेक्षा मी त्या मुठींकडे बघायला तिथे शिकले.

तू असं कर. भिंतीला पाठ टेक, कमरेमागे उशी, मांडीवर दुसरी. टाक्यांवर तिचं वजन येत असेल तर तिचे पाय तुझ्या काखेखालून मागे जातील असं आडवं धर, म्हणजे पोटावर भार येणार नाही. तिचं पोट तुझ्या अंगाला लागलं पाहिजे. मान वळवून तिला प्यावं लागता कामा नये. तू स्वतः मान खांद्याकडे वळवून पाण्याचा घोट घेऊन बघ, गिळताना काय होतं ते कळेल. बोंड तिच्या ओठांसमोर नाही, नाकासमोर आण. वरच्या ओठाला हलकेच लाव आणि थांब. ती वास घेईल, इकडे-तिकडे डोकं हलवेल आणि जांभई दिल्यासारखा मोठा आ करेल. त्या क्षणी छाती तिच्या तोंडात घालायची नाही, तिलाच खांद्यांमागे आधार देऊन झटकन जवळ आणायचं. हनुवटी आधी टेकली पाहिजे, नाक मोकळं राहिलं पाहिजे. खालचा ओठ बाहेर वळलेला, गाल फुगलेले. बोंडाभोवतीचा काळसर भाग वरच्या बाजूला जास्त आणि खाली कमी दिसला की समज, धरलंय. नुसतं बोंड तोंडात असेल तर ते तिच्या टाळूवर घासतं. म्हणून ते चपटं होतं, पांढरं पडतं, चिरतं.

मग कान दे. सुरुवातीला ती भराभर, उथळ चोखेल. पान्हा सुटला की जबडा हळू आणि लांब चालायला लागतो. हनुवटी खाली जाते, क्षणभर थांबते, आणि घशातून 'कह्' असा बारीक आवाज येतो. ती क्षणभर थांबलेली हनुवटी म्हणजे तोंडभर दूध. आवाज विरळ झाला आणि ती नुसती फडफडत चोखू लागली, तर मोकळ्या हाताने छाती बुडाशी, काळ्या भागापासून लांब, धरून हलकेच दाब, जेवढा वेळ ती चोखते तेवढा वेळ. पुन्हा घोट सुरू होतील. तेही थांबले की ढेकर काढून दुसरी बाजू दे. दहा मिनिटं इकडे, दहा मिनिटं तिकडे असं घड्याळ लावून पाजू नको. पहिल्या काही सेकंदांनंतरही दुखत राहिलं तर दात-ओठ खाऊन सोसायचं नाही. करंगळी तिच्या ओठाच्या कोपऱ्यातून आत सरकवून पकड सोडव आणि परत लाव. एका पाजण्यात पाच वेळा करावं लागलं तरी कर. पाजून झालं की आपल्याच दुधाचे दोन थेंब बोंडाला लावून वाऱ्यावर वाळू दे. आणि बालरोगतज्ज्ञांना सांग, एकदा जिभेखाली बघा. काही बाळांची जीभ खालून आखूड पडद्याने बांधलेली असते, तिला पुढे येता येत नाही. तसं असेल तर नुसत्या उश्या बदलून भागणार नाही.

आत्याची वाटी. सुरुवातीला येणारं दूध पातळच असतं, तहान भागवणारं. छाती रिकामी होत जाते तशी त्यातली साय वाढत जाते. आत्याने पिळलं ते पहिलं दूध. शिवाय हाताने किंवा पंपाने जेवढं निघतं तेवढंच छातीत आहे असं नसतं, बाळ त्याहून जास्त काढतं. ही परीक्षा घेऊन मी कितीतरी आयांना रडताना पाहिलंय, म्हणून कळकळीने सांगते, कोणाला वाटीत काढून दाखवू नको. छाती मऊ लागते तीही भिण्यासारखी गोष्ट नाही. सुरुवातीचा ताठरपणा नुसता दुधाचा नसतो, सूजही असते. शरीराला बाळाचा अंदाज आला की ती उतरते, दूध तिथेच असतं.

मग पावडर पिऊन ती तीन तास कशी झोपते? पावडरीचं दूध पोटात जास्त वेळ राहतं. बाटलीतून ते आपोआप वाहतं आणि बाळाला ओठांत काही आलं की चोखायचंच माहीत असतं, म्हणून 60 मिली संपतात. पोट जड होतं, झोप लागते. भूक होती म्हणून प्यायली, असा त्याचा अर्थ निघत नाही. पण त्या तीन तासांत तुझी छाती भरलेली राहते, आणि रात्री दूध तयार करणारं संप्रेरक सगळ्यात जास्त असतं. नेमकी तीच वेळ चुकते. आठवड्याभराने दूध खरंच थोडं कमी होतं, बाटली 60 ची 90 होते आणि मग सगळे म्हणतात, "बघ, आम्ही सांगत होतो." माझ्या पहिल्या मुलाच्या वेळी माझ्याच घरात हे झालं. नर्सचं शिक्षण झालेलं असूनही मला ते थांबवता आलं नाही, दोन महिन्यांत दूध गेलं. म्हणून चौथ्या रात्रीच तुझं पत्र आलं याचा मला फार आनंद झाला.

पावडर एकदम बंद करायची घाई नको. दोन रात्री 40, दोन रात्री 20, मग शून्य, आणि आधी छाती, मग भूक उरली तर पावडर. तेही बाटलीने नको. तुझ्या आईला विचार, घरात बोंडलं, म्हणजे बाळाला दूध पाजायचं चोचीचं छोटं भांडं, असेल, चांदीचं किंवा स्टीलचं. ते पाण्यात उकळून घ्या आणि बाळाला अर्धवट बसतं धरून, ओठाला लावून घोट-घोट द्या. बोंडलं नसेल तर वाटी-चमचा चालतो. पावडर डब्यावर लिहिल्याप्रमाणेच मोजायची, पाणी उकळलेलं. दूध 'हलकं' व्हावं म्हणून जास्त पाणी घालणं धोक्याचं आहे. आठवड्याने वजन करायचं, तोच काटा, कपडे काढून. सगळं बालरोगतज्ज्ञांना सांगून करायचं.

तो डबा हातात घेऊन एकदा नीट बघ. त्यावर बाळाचं चित्र दिसणार नाही, पण आईचं दूधच बाळासाठी सर्वोत्तम असं लिहिलेलं सापडेल. 1992 च्या कायद्याने ते बंधनकारक आहे आणि अशा दुधाची जाहिरात करायलाही आपल्याकडे बंदी आहे. आत्याला राग न आणता ती ओळ वाचून दाखव. तिने प्रेमापोटीच आणलाय.

सासूबाईंना मात्र तू स्वतः फोन कर, त्यांचा यायची वाट बघू नको. "भरतंय का" याला "हो" एवढंच म्हटलं तर त्या उद्या परत विचारतील. "आई, आज आठ लंगोट ओले झाले, चार वेळा शी झाली, बुधवारी वजन करणार आहोत" असं सांग. आकडा मिळाला की काळजीला बसायला जागा मिळते.

खाण्याचं म्हणशील तर अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, मेथी, बाजरीची भाकरी, खोबरं, सगळं खा. त्यातल्या कशानेही बाळ न चोखता दूध वाढत नाही, पण तुझ्या अंगाला ते हवं आहे. अळिवात लोह भरपूर असतं आणि सिझरमध्ये रक्त गेलेलं असतं. पहिले सहा महिने पाजणाऱ्या आईला रोज जवळजवळ 600 उष्मांक जास्त लागतात, म्हणजे एक सबंध जेवण जास्त. बाळंतिणीला पाणी कमी द्यायची पद्धत काही घरांत अजून आहे. तुझ्याकडे असेल तर आईला स्पष्ट सांग. पाजायला बसताना तांब्या शेजारी हवा. बाळाला मात्र सहा महिने पाणीसुद्धा नको, मध तर वर्षभर नको, त्यातले जंतू तान्ह्या बाळाला गंभीर आजारी पाडू शकतात. गुटीबद्दल लोक माझ्यावर रागावतात, पण सहाणेवर उगाळलेलं काहीही या वयात तोंडात जाऊ नये असंच माझं मत आहे.

काळजीने दूध आटतं, असंही तुला ऐकवलं असेल. आटत नाही. गाय पान्हा चोरते म्हणतात ना, तसं होतं. दुखत असेल, भीती असेल, समोर चार जणी बघत बसल्या असतील, तर दूध आत असूनही सुटायला उशीर लागतो. दार लोटून घे, खांदे सैल सोड, तिला नुसत्या लंगोटावर आपल्या उघड्या अंगाशी घे आणि वरून दुपटं पांघर. पुष्कळदा तेवढ्याने पान्हा फुटतो.

काही जणींना खरोखरच दूध कमी येतं, हे मी लपवणार नाही. बाळंतपणात फार रक्तस्राव झालेला असतो, थायरॉईडचा त्रास असतो, वारेचा तुकडा आत राहिलेला असतो, छातीची शस्त्रक्रिया झालेली असते. काही गर्भनिरोधक गोळ्यांनीही कमी होतं, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी सुरू करू नको. अशा आयांनी जेवढं आहे तेवढं अंगावर पाजून बाकीचं वरून द्यावं, त्यात अपराधी वाटण्यासारखं काही नाही. बाळ उपाशी ठेवून स्तनपान जिंकायचं नसतं. पण तुझे आकडे तसं सांगत नाहीत.

हे आकडे बदलले तर मात्र माझ्या उत्तराची वाट बघू नको. लंगोट सहाच्या खाली आले, लघवी गडद पिवळी झाली किंवा लंगोटावर विटकरी डाग पडले, ती उठवूनही पिईना, टाळू खोल गेली, अंग तापलं किंवा गार पडलं, पिवळेपणा तळहात-तळपायांपर्यंत दिसला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठ, रात्र असली तरी. तुझ्या छातीचा एखादा भाग लाल, गरम, दगडासारखा होऊन ताप आला तर डॉक्टरांकडे जा, पण त्या बाजूने पाजणं सोडू नको.

पत्राच्या शेवटी तू एक ओळ लिहून खोडली आहेस. खोडलेली असली तरी वाचता येते: 'मला तिच्याकडे बघून रडू येतं.' पहिल्या दोन आठवड्यांत रडू येणं फार जणींना होतं आणि ओसरतं. तू तिसरा आठवडा संपवलास. झोप मिळूनही झोपता येत नसेल, कशातच मन लागत नसेल, नको-नको ते विचार येत असतील तर हे दुखणं आहे, आणि त्याला औषध आहे. ज्यांनी सिझर केलं त्या डॉक्टरांना सांग, किंवा टेलिमानस या मनाच्या आजारांसाठीच्या सेवेच्या 14416 या सरकारी क्रमांकावर फोन कर, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. नवऱ्याला शनिवारी यायला सांग आणि ही ओळ न खोडता त्याला दाखव.

आज रात्री डाव्या बाजूने आधी लावू नको, उजवीकडून सुरू कर. पान्हा सुटला की डावीकडे घे, कमी दुखेल. बुधवारी वजन झालं की मला आकडा लिही, आणि डावं बोंड पाजल्यावर कसं दिसतं तेही. गोल राहिलं असेल तर नुसतं 'गोल' एवढंच लिहिलंस तरी मला कळेल.